खिडकीची राखण

आज आम्ही एका अगदी साध्या विषयास हात घालीत आहोत. विषय आहे घराच्या खिडकीचा. ‘बुवांना आज झाले तरी काय? वेदान्त सोडून सुतारकामाकडे कसे वळले?’ असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु घटकाभर अवधान द्यावे, म्हणजे ही खिडकी आपणांस कोठे नेते ते कळेल.

प्रसंग असा घडला. काही वर्षांमागे माउलींच्या पालखीबरोबर चालत असता नातेपुत्याचा मुक्काम होता. दिंडीच्या राहुटीत सायंकाळी हरिपाठ चालला होता. एकाएकी पश्चिमेकडून आभाळ भरून आले आणि राहुटीच्या कापडावर पाऊस ताडताड वाजू लागला. आमच्या शेजारी सातारकडचे एक टाळकरी उभे होते. शेतकरी माणूस, गळ्यात माळ, वीस वर्षांची अखंड वारी. त्यांचा टाळ कधी चुकत नसे. पण पाऊस वाजू लागला आणि त्यांचा टाळ थांबला. हात तसाच धरलेला, ओठ हलताहेत, पण डोळे राहुटीत नाहीत.

हरिपाठ झाल्यावर आम्ही विचारले, “काय माउली, टाळ का थांबला?”

ते म्हणाले, “महाराज, काय सांगू! दुपारी घरला फोन केला. म्हातारी एकली हाय. ती म्हंती, मावळतीची खिडकी फुगलीया, काय केल्या मिटत न्हाई. तिच्या खाली युरियाची दोन पोती हायत अन् वरच्या फळीवर पोथी. चैत्रापासनं म्हणतोय, सुताराला बोलवीन, आज बोलवीन, उद्या बोलवीन. न्हाईच झालं. आता पाऊस हितं पडला की मला वाटतंय, माझ्या घरातच पडतोय.”

देह वारीत आणि चित्त खिडकीत! त्या माणसाच्या भक्तीत काही उणे होते काय? मुळीच नाही. उणे होते ते चैत्रातल्या एका दिवसाच्या कामात. तो एक दिवस चुकला, त्याने आषाढातला हरिपाठ अडविला. सज्जनहो, त्या रात्रीपासून खिडकी हा विषय आमच्या मनातून गेला नाही.

आता कोणी शंका घेईल की, घरदार हा प्रपंच, तो नाशवंत; संतांनी त्याची आसक्ती सोडावयास सांगितली आणि बुवा तर खिडकीला तेल लावावयास सांगतात, हे कसे? याचे समाधान असे. आसक्ती सोडणे आणि काम टाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमचा वारकरी हा रानात जाऊन बसणारा नव्हे. तो शेत नांगरतो, लेकरे वाढवितो आणि एकादशी करतो. ज्याने घराची व्यवस्था लावली, त्याचे चित्त घरातून मोकळे झाले. ज्याने ती टाळली, त्याच्या पाठीवर घर बसून पंढरीपर्यंत आले. मग आसक्त कोण? तेल लावणारा की न लावणारा? याचा विचार ज्याचा त्याने करावा.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. वाऱ्याचा मार्ग तो वातायन. दुसरा शब्द ‘गवाक्ष’. गो म्हणजे गाय, अक्ष म्हणजे डोळा. गाईच्या डोळ्यासारखा जो झरोका तो गवाक्ष. एका शब्दात वाऱ्याची वाट आली, दुसऱ्यात डोळा आला. भिंतीचे काम अडविणे. दाराचे काम येऊ देणे, जाऊ देणे. खिडकीचे काम या दोहोंहून सूक्ष्म आहे. तिचे काम निवडणे. वारा यावा, पण पाऊस येऊ नये. उजेड यावा, पण चोर येऊ नये. हवा यावी, पण डास येऊ नये. काय घ्यावे आणि काय टाकावे हे जी जाणते, ती खिडकी. म्हणून आम्ही म्हणतो, खिडकी हा घराचा विवेक आहे. आणि विवेकाला जशी रोजची राखण लागते, तशी तिलाही लागते.

ही राखण कशी करावी? धर्मशास्त्राने कर्माचे भेद सांगितले आहेत, त्यांतील तीन येथे घेऊ. नित्य, नैमित्तिक आणि प्रायश्चित्त. रोज करावयाचे ते नित्य. काही निमित्ताने, म्हणजे पर्वकाळी, ग्रहणकाळी करावयाचे ते नैमित्तिक. चुकल्यावर शुद्धीसाठी करावयाचे ते प्रायश्चित्त. खिडकीलाही हे तिन्ही लागू आहेत. झाडू फिरविताना चौकटीवर फडके फिरविणे, खाचेतला कचरा काढणे, हे नित्य. ऋतू पालटला म्हणजे करावयाचे ते नैमित्तिक. आणि दोन्ही टाळल्यावर सुताराच्या आणि गवंड्याच्या दारी हेलपाटे घालणे व दामदुप्पट पैसे मोजणे, हे प्रायश्चित्त! नित्यकर्माविषयी शास्त्रज्ञांचे एक मार्मिक म्हणणे आहे. ते केल्याने काही मोठे फळ पदरात पडत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. खिडकीचे तंतोतंत तसेच आहे. बिजागरीला तेल घातले म्हणून कोणी हारतुरे घालीत नाही. न घातले तर काय होते, ते पुढे सांगू.

आता ऋतूंच्या क्रमाने चला. आपल्या वारकऱ्यांचे वर्ष वाऱ्यांनी बांधलेले आहे. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. खिडकीचे वर्षही त्याच दोऱ्यात ओवता येते.

चैत्री वारी करून घरी आलात की वसंत ऋतू असतो. हवा कोरडी, लाकूड कोरडे. खिडकीचे खरे काम याच वेळी करावयाचे. आधी चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत वाळवीने घर केले असे समजावे. चौकट जेथे भिंतीला टेकते तेथे मातीच्या बारीक नळ्या दिसतात काय ते पाहावे. खाली पिठासारखा भुगा पडला असेल तर लाकूड पोखरणारा किडा आहे. मग सैल झालेले स्क्रू आवळावेत, काचेभोवतीची लांबी सुटली असेल तर नवी भरावी, आणि शेवटी लाकडाला तेल किंवा रंग द्यावा.

तेल म्हणजे जवसाचे. कच्चे तेल वाळावयास फार दिवस घेते, उकळलेले लवकर वाळते. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली अशी की, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते, ढिगात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात, मग टाकाव्यात. दुसरी अशी की, जुन्या रंगाचे पापुद्रे कोरडे खरवडू नयेत. पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि त्याची धूळ लेकरांना फार अपायकारक. घरगुती रंगांतील शिशावर सरकारी नियमाने कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग असेल तर तो पाणी मारून ओला खरवडावा आणि लेकरे त्या वेळी दूर ठेवावीत.

रंग देणारे बहुधा एक जागा विसरतात. झडपेची खालची कड. ती दिसत नाही म्हणून कोणी रंगवीत नाही. पण लाकूड पाणी पिते ते मुख्यतः तंतूंच्या उघड्या टोकांनी आणि ती टोके झडपेच्या खालच्या बाजूस असतात. वरचे थेंब ओघळून तेथेच थबकतात. दिसणारी बाजू दहा वेळा रंगविली आणि न दिसणारी कोरी ठेवली, तर झडप खालून कुजत येते. आमच्या कीर्तनकारांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे! वरून फेटा आणि उपरणे फार झाले, खालची कड कोणी पाहिली आहे काय?

त्यानंतर ग्रीष्म. या ऋतूत खिडकीचे काम उघडझाप करण्याचे. उन्हे चढली की पूर्वेच्या खिडक्या मिटाव्यात, दुपार कलली की पश्चिमेच्या मिटाव्यात, आणि सूर्य मावळून बाहेरचा वारा घरातल्या हवेपेक्षा गार झाला की सर्व उघडाव्यात. ऊन हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून वरचा झरोका आणि खालची खिडकी दोन्ही उघडी असली म्हणजे घर रात्रीत निवते. झरोक्याला जुनी वर्तमानपत्रे चिकटविण्याची खोड काही घरांत असते, ती काढून टाकावी. वाळ्याचा पडदा भिजवून लावला तर आत येणारा वारा गारही होतो आणि सुगंधीही होतो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, त्याच्या आदल्या दिवशी तुकोबारायांची देहूहून. म्हणजे मृग लागून गेलेला असतो आणि आपण अठरा-वीस दिवस घराबाहेर असणार. निघण्यापूर्वी पडशी भरतो, टाळ घेतो, तशी एक फेरी घरातल्या खिडक्यांचीही घ्यावी. प्रत्येक खिडकी उघडून पाहावी आणि मिटून पाहावी. मावळतीची खिडकी प्रथम, कारण आपल्याकडे पावसाची झड मुख्यतः तिकडूनच येते. बाहेरच्या पाटाला उतार बाहेरच्या अंगाला आहे ना, हे तांब्याभर पाणी ओतून पाहावे; पाणी आत वळले तर गवंड्याला बोलवावे. हल्ली खेडोपाडी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आहेत. त्यांना काही करावे लागत नाही असा समज आहे, तो खोटा. त्यांच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रे असतात. रुळात पडलेले पाणी तेथून बाहेर जावे अशी ती योजना. वर्षभराची धूळ त्यांत बसते, छिद्रे बुजतात, आणि पहिल्याच पावसात रूळ भरून पाणी घरात उतरते. मग लोक खिडकी करणाऱ्याला बोल लावतात. एक काडी आणि तांब्याभर पाणी, एवढेच ते काम आहे.

आणखी एक. घर बंद करून जाणाऱ्यांनी सर्व खिडक्या ठाम मिटून जाऊ नये, किल्ली शेजारी द्यावी. उघडीप मिळाली की घटकाभर खिडक्या उघडा, एवढे सांगून जावे. कोंडलेल्या दमट हवेत भिंतीला बुरशी धरते, आणि ती भिंतीवरून पोथीवर येते. शेजाऱ्याला हे सांगण्याइतके सख्य शेजाराशी असावे लागते, हे ओघाने आलेच. कोकणातले आमचे माळकरी पावसाआधी नारळीच्या झावळ्यांची झापे बांधून भिंती आणि खिडक्या झाकतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या लवकर सडतात, म्हणून जाणते लोक तेथे पितळी बसवितात.

मग वर्षा ऋतू, चातुर्मास. आता लाकूड फुगते. हवेतला ओलावा पिऊन ते आपल्या तंतूंच्या आडव्या अंगाने वाढते. उभे फारसे वाढत नाही. म्हणून झडपेची उंची तेवढीच राहते आणि रुंदी वाढून ती चौकटीत अडकते. येथे आमची स्वतःची एक फजिती सांगतो. एका श्रावणात आमची पोथीच्या खोलीतली खिडकी अशीच अडकली. आम्हांला घाई. सुताराला बोलाविले. तो शहाणा म्हणाला, “बुवा, आता हात लावू नका, दिवाळीपर्यंत थांबा, आपोआप बसंल.” आम्ही ऐकले नाही. दोन्ही कडांवर रंधा मारावयास लावला. खिडकी लोण्यासारखी मिटू लागली. आम्ही प्रसन्न! पुढे वैशाखात लाकूड आक्रसले आणि झडपांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली. त्या फटीतून उन्हाळाभर धूळ येऊन पोथ्यांवर बसत होती आणि ती झटकताना दर वेळी आम्हांला आमचा उतावळेपणा दिसत होता.

तेव्हापासून एक गोष्ट आम्ही शिकलो. फुगलेल्या झडपेवर रंधा मारू नये. आणि सज्जनहो, फुगलेल्या माणसावरही मारू नये. घरात कोणी रागाने फुगले, लेक असो, सून असो, भाऊ असो, त्या वेळी त्याच्या कडा तासावयास जाऊ नये. तो ऋतूचा ओलावा आहे; थोडे दिवस जाऊ द्या, ओसरेल. त्या वेळी तासलेले पुन्हा भरून येत नाही. पुढे उन्हाळा आला की फट दिसते.

याच ऋतूत डासांचा उपद्रव. सांजवेळी खिडक्या मिटल्या की काम झाले असे पुष्कळांना वाटते. परंतु डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून खिडकीला जाळी असावी, तिला भोक पडले असेल तर टाका घालावा, आणि छज्जावर, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. रंगकाम मात्र या दिवसांत करू नये. ओल्या लाकडावर रंग दिला तर ओलावा आत कोंडतो आणि पुढे रंगाला फोड येतात.

शरदात ऊन पडते, आणि नवरात्र-दिवाळीच्या निमित्ताने घरोघर साफसफाई होते. तावदाने धुवावयाची ती सावलीत असताना धुवावीत. उन्हात धुतली तर पाणी जागच्या जागी वाळून ओघळ राहतात. गजांवर गंज चढला असेल तर तो घासून काढावा आणि रेड ऑक्साईडचा हात देऊन वर रंग द्यावा. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून गज जेथे चौकटीत किंवा सिमेंटात शिरतो तेथे तो आतून रेटा देऊन तडा पाडतो. बाहेरून ठिपक्याएवढा दिसणारा गंज आत चौकट फोडीत असतो. कार्तिकीला निघण्यापूर्वी एवढे उरकावे.

आता हेमंत ऋतू आणि मघा राखून ठेवलेली ती गोष्ट.

१९७२ साल. दुष्काळाचे ते वर्ष जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. आमचे वय तेव्हा तेरा. घाटावरच्या एका पाठशाळेत आम्ही लघुकौमुदी घोकीत होतो. मातीच्या भिंतींची एक खोली, तीत चौघे विद्यार्थी, पश्चिमेस एकच खिडकी. बाहेरून गज, आतून दोन झडपा. गुरुजींचा एक दंडक होता. दर अमावास्येला पाळीप्रमाणे एकाने सर्व खिडक्यांची धूळ झाडावी, झडपा उघडून-मिटून पाहाव्यात आणि प्रत्येक बिजागरीत एरंडेलाचा थेंब सोडावा. त्या कार्तिकी अमावास्येची पाळी आमची होती. आम्ही मनात म्हटले, ‘आम्ही येथे व्याकरण शिकावयास आलो की बैलगाडीचे वंगण करावयास?’ आणि पाळी टाळली. कोणी विचारले नाही, आम्हीही बोललो नाही.

पुढे मार्गशीर्षात थंडी फार पडली. एका रात्री आम्ही चौघांनी चुलीतले निखारे शेगडीत भरून खोलीत आणले. धूर नव्हता, लाल निखारे होते, म्हणून भय वाटले नाही. दाराला आतून कडी घातली, फटीला गोणपाट लावले, झडपा ओढून घेतल्या आणि त्यांच्या सांध्यांत चिंध्या कोंबल्या. ऊब छान आली. झोप लागली.

पहाटे गुरुजी नेहमीप्रमाणे उठवावयास आले. हाका मारल्या, उत्तर नाही. दार ठोठावले, उत्तर नाही. तेव्हा ते वळसा घालून खिडकीशी आले आणि गजांतून काठी घालून त्यांनी झडप ढकलली. एकाच ढकलण्यात झडप उघडली. चिंध्या आत पडल्या आणि पहाटेचा वारा आत शिरला. खिडकीजवळ आम्ही निजलो होतो. थंड वारा तोंडावर आला, कोणी लांबून हाक मारीत आहे असे वाटले. डोके दगडासारखे जड, पायांत बळ नाही. सरपटत जाऊन कडी काढली एवढे आठवते. दोघांना ओकाऱ्या झाल्या. चौथा, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, शुद्धीवर नव्हता. त्याला दवाखान्यात चार दिवस ठेवावे लागले. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता येत नव्हते.

पुढे कळू लागल्यावर त्याचे कारण वाचले. कोंडलेल्या जागी निखारा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याला प्राणवायू चिकटावयाचा, त्याला हा वायू दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि माणूस झोपेतल्या झोपेत जातो. धूर नाही म्हणजे विष नाही, असे कोणी समजू नये. आजही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून वरचा झरोका बंद करतात. आमचे हात जोडून सांगणे आहे, थंडी कितीही असो, जेथे विस्तव आहे तेथे निदान एक खिडकी उघडी ठेवा. किंबहुना निजण्याच्या खोलीत शेगडी नेऊच नका. पांघरूण आणखी एक घ्या.

पण आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला. ती बिजागरी तर आम्ही वंगली नव्हती. त्याआधी ती करकरत होती, अर्ध्यावर अडत होती, हे आम्हांला ठाऊक होते. मग त्या पहाटे ती एका ढकलण्यात उघडली कशी? पुष्कळ दिवसांनी धीर करून आम्ही गुरुजींना विचारले, “त्या अमावास्येला तेल कोणी घातले?” गुरुजी पंचांग पाहात होते. मान वर न करता म्हणाले, “घरातल्या पोराचे नित्यकर्म राहिले, तर वडीलधाऱ्याने ते करून टाकावे. बोलून दाखवू नये.” पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. आज पन्नासहून अधिक वर्षे झाली. आमच्या घरच्या बिजागऱ्यांची अमावास्या आजवर चुकलेली नाही. गावोगाव कीर्तनाला असलो तरी घरी आधी सांगून जातो.

शेवटी शिशिर. माघी वारी होते, पुढे फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबारायांची बीज येते. हवा कोरडी, वारा सुटलेला. उसाच्या भागात पाचट पेटविल्याची काळी राख उडत येते. या दिवसांत लाकूड आक्रसून सगळ्या फटी उघड्या पडतात. त्या वेळी हळहळू नये. कोणती फट कोठे आहे ती हेरून ठेवावी, म्हणजे चैत्रात काय करावयाचे ते कळते. असे एक वर्तुळ पुरे होते आणि पुन्हा वसंत येतो.

आता आतल्या घराकडे वळू. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे, कठोपनिषदाने अकरा दारांचे म्हटले आहे. तेच उपनिषद असेही सांगते की, इंद्रियांची ही छिद्रे बाहेरच्या दिशेने पाडलेली आहेत, म्हणून जीव बाहेर पाहतो, आत पाहात नाही. हे डोळे, हे कान, ही वाणी म्हणजे आपल्या खिडक्याच. त्या सताड उघड्या टाकल्या तर निंदेची झड आत येते आणि सगळे भिजते. त्या ठाम मिटून बसलो तर आतला अहंकाराचा निखारा, ज्याला धूरही नाही, आपल्याला नकळत प्राण घेतो. तेव्हा खिडकी उघडी असावी की मिटलेली, हा प्रश्न चुकीचा आहे. ती उघडावी तेव्हा उघडली पाहिजे आणि मिटावी तेव्हा मिटली पाहिजे. एवढ्यासाठीच रोजचा नेम, रोजचा हरिपाठ. तो त्या बिजागरीतला तेलाचा थेंब आहे. आज घातला म्हणून आज काही दिसणार नाही. ज्या पहाटे काठीचा एकच धक्का मिळावयाचा असतो, त्या पहाटे तो उपयोगी पडतो.

परंपरा सांगते की, लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन खुद्द ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली होती. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. तेच ताटीचे अभंग. ताटी म्हणजे कुडाचे एक झापड. माउलींनीही ती कधी लावली, पण ती ताटी होती, भिंत नव्हती. म्हणून बहिणीच्या शब्दांनी ती उघडली. संसारात रुसवा व्हावयाचाच. रुसवा असावा तो ताटीसारखा असावा, भिंतीसारखा नसावा. आणि ज्याच्या घरी कोणी ताटी लावून बसले असेल, त्याने आपण धाकटे की थोरले हे न पाहता बाहेर उभे राहून हाक मारावी. आज हे वाचून उठलात की घरातली जी खिडकी पुष्कळ दिवस उघडली नाही ती उघडून पाहा. आणि घरातल्या ज्या माणसाशी पुष्कळ दिवस बोलला नाहीत, त्याला कडी काढावयास तेवढे हाताशी घ्या.

त्या सातारकडच्या टाळकऱ्यांचे सांगावयाचे राहिले. पुढच्या वर्षी त्याच मुक्कामी ते भेटले. पाऊस तसाच आला, राहुटी तशीच वाजू लागली. आम्ही चोरून त्यांच्या हाताकडे पाहिले. टाळ चालू होता. हरिपाठानंतर ते हसून म्हणाले, “महाराज, औंदा चैत्रातच सुतार आणला. पोती हलवली, पोथी कपाटात ठेवली. म्हातारी एका हातानं खिडकी लावती. आता पडू दे किती पडायचा त्यो.”

पाऊस पडत राहिला आणि आम्ही दोघे भजनाला बसलो.

रामकृष्णहरि.